दगडाखालचं पाणी

वडतळे, ता. कर्जत
१७ नोव्हेंबर २०२३

अजिनाथ,

आशीर्वाद लिहावा का नको, यावर सकाळपासून अडून बसले होते. लिहिते. थोरली आहे, तेवढं करावंच लागतं. शिव्या खाली आहेत, सावकाश वाच.

फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस. आता पोस्टमनला कसा ब्लॉक करतोस ते बघते. शाळेत बाई सांगायच्या, पत्र शुद्ध लिहावं, म्हणून शुद्ध लिहितेय. राग आला की हात आपल्या वळणावर जाईल, त्याला माझा इलाज नाही.

भाऊबीजेला ओवाळणीचं ताट करून बसले होते. तू नाही आलास, बाबाजान आला. शाळेतला तुझा जोडीदार, पण दारात चपला काढताना मान वर करीना, तेव्हाच म्हटलं यात काहीतरी गोम आहे. मोरपंखी साडी, आणि साडीच्या घडीत स्टँप पेपर! म्हणाला, "आक्का, अजिनाथ म्हनला फक्त सही करा. बाकी समदं तो बगतोय."

व्हय रं? भाऊबीजेच्या साडीत कागद घालतोस? आई असती तर उलथनं घेऊन देवळालीपर्यंत आली असती.

हक्कसोडीच्या वेळी मी हूं की चूं केलं होतं का, सांग. कर्जतच्या कचेरीत तू गट वाचत गेलास, विहिरीचं रान, माळाचं, ओढ्याकडचं, आणि मी सह्या करत गेले. सगळ्या बहिणी सोडतात, मीपण सोडलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही. तळ्यातला गट आला तसा लिहिणारा थांबला. तेव्हा तूच म्हणालास, "त्ये पान्याखाली हाय, त्ये कशाला लिवता?" बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी मजुरीवर तळं बांधलं, बापाचं सगळ्यात काळंभोर रान त्यात बुडालं, पण ते घेतल्याचा सरकारी कागद कुणी केलाच नाही. उताऱ्यावर बापाचंच नाव राहिलं. पाण्याखालची जमीन तुझ्या लेखी जमीनच नव्हती. म्हणून आज त्यात अर्धी मी आहे.

आणि आता तुला नेमकी तीच पाहिजे. तळ्याच्या बुडाशी, जिथं शेवटचं पाणी साचून राहतं त्या डोहात, तुला मोटरींची विहीर खणायचीय आणि पाईप टाकून बापाच्या रानात ऊस करायचाय. देवळालीत कालव्याच्या काठाला राहून तुला वाटतं, सगळा जिल्हाच कालव्याच्या काठाला आहे. अरे, यंदा पावसानं नीट तोंडसुद्धा दाखवलं नाही. तळं निम्मं भरलं नाही. अख्ख्या गावाची गुरं त्या डोहावर उन्हाळा काढतात.

मी सही करणार नाही. साडी बाबाजानबरोबर परत धाडतेय. मोरपंखी रंग मला आवडतो हे तुझ्या चंद्रकलेला माहीत आहे, तिनंच निवडली असणार. घडी परत घालताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. पण धाडतेय.

आक्का

•

वडतळे
१६ जानेवारी २०२४

अजिनाथ,

तीळगूळ सोबत आहे. गोड बोलायचं का नाही ते तुझं तू ठरव, माझ्याकडून आशा धरू नकोस.

तुझा निरोप पोचला. "आक्काला म्हनावं, परदेशी बदकांच्या नादी लागून सख्ख्या भावाला नडू नको." आता नादी लागलेच आहे, तर सगळं ऐकूनच घे.

मागच्या थंडीत तळ्यावर ते राखी हंस उतरले होते, डोक्यावर काळे पट्टे असलेले. आपण लहान असताना गाळपेरातल्या हरभऱ्यावरून ज्यांना हाकलायचो, तेच. त्यातल्या एकाच्या गळ्यात हिरवं कडं दिसलं. मला वाटलं, प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा अडकलाय बिचाऱ्याला. सोडवावा म्हणून लुगडं खोचून मी गुडघाभर चिखलात शिरले आणि तिथंच रुतले. चार बायांनी मला ओढून काढलं, हंस लांबून बघत होता. शाळेतल्या मास्तरांनी त्याचा फोटो काढला, तो पुण्याच्या एका संस्थेत गेला, आणि तिथून कळलं की ते कडं मंगोलियात घातलेलं आहे. तिथल्या एका तळ्यावर तो जन्मला, आणि दर साली हिमालय ओलांडून आपल्या वडतळ्याला येतो. आपल्याला कर्जतची एसटी वेळेवर मिळत नाही, आणि हा बघ.

तर पुण्याची संस्था, तिकडच्या तळ्यावरची माणसं आणि आपलं गाव, असं तिघांचं आता जमलंय. दोन्ही तळी मिळून सांभाळायची. एकीकडं पाणी राहिलं आणि दुसरीकडं नाही, तर पक्षी मधल्यामधी मरतो. परवा तिकडून ओयुन म्हणून एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. लालबुंद गालफडं, हाताला माझ्यासारख्याच भेगा. तिचा धंदा शेळ्यामेंढ्यांचा, आणि तळं राखायचं काम तिच्या वस्तीनं तिच्यावर टाकलेलं. संस्थेतली संस्कृती नावाची पोरगी तिचं बोलणं आम्हाला मराठीत सांगायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही तिलाही पाटावर बसवलं, वाण दिलं. तिनं पिशवीतून वाळवलेल्या दह्याचे खडे काढून सगळ्यांना वाटले. दगडासारखे टणक आणि आंबट ढाण! शेजारच्या कडूबाईनं एक तोंडात धरला तो हळदीकुंकू संपेपर्यंत गालात तसाच.

मग शाळेत बैठक झाली. संस्थेच्या साहेबांनी नकाशा लावला. तळ्याभोवती तारेचं कुंपण, आत गुरं नाहीत, माणूस नाही, गाळपेर बंद. म्हणजे पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात हरभरा करणारी ती सगळी घरं गेली कामातून. मी उठलेच. म्हटलं, कुंपण घालायचं तर आधी मला आत घाला आणि मग तार ओढा. ओयुनपण उठली. तिच्या तळ्याला असंच कुंपण घातलं होतं, त्यात तिची कोकरं अडकून मेली होती. साहेब माणूस वाईट नाही, त्यानं ऐकून घेतलं. त्याचीही एक गोष्ट आम्ही ऐकली, ती बरोबरच होती. बियाण्याला विषारी औषध चोळून गाळात पेरायचं नाही, पक्षी वेचून खातात.

शेवटी ठरलं ते असं. डोहाच्या कडेला एक दगड रोवायचा. दगडाच्या वर गाळपेर चालू. पाणी दगडाला टेकलं की पाऊस येईपर्यंत त्यात मोटर टाकायची नाही, कुणीच नाही. गुरांनी प्यावं, हंड्याकळशीनं कुणीही न्यावं. आणि तिकडं, पक्षी अंड्यावर बसले की ओयुनच्या वस्तीनं आपली जनावरं तळ्याच्या काठाला न्यायची नाहीत. म्हणजे तिनं शेळी आवरायची, मी मोटर आवरायची. इतकं साधं आहे, अजिनाथ, त्यात परदेशी ते काय?

माझ्या अर्ध्या हिश्श्यापुरती मी सही केली. तुझी जागा मोकळी ठेवायला सांगितलीय.

आक्का

•

वडतळे
४ मार्च २०२४

अजिनाथ,

मेलेल्या माणसाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. "आजपास्नं माझी बहीन मेली" असं तू बांधावर उभा राहून ओरडलास, ते साऱ्या गावानं ऐकलं. मला सुतक कुणी पाळलेलं दिसलं नाही, म्हणून लिहितेय.

पाणी दगडाला टेकलं त्याच आठवड्यात तू ट्रॅक्टर, मोटर, पाईप घेऊन आलास. बाबाजानला बरोबर आणलंस, कारण मोटर बसवायला त्याच्याइतका हात कुणाचा नाही. तुला वाटलं, आक्का घरात भाकरी थापत असेल. मी आणि दहापाच बाया पाईपावर बसलेल्या बघून तुझं तोंड जे झालं ना! लहानपणी तुझी गोटी गटारात जायची तेव्हा असंच व्हायचं.

मला म्हणालास, "पाप लागंल तुला, सख्ख्या भावाचा ऊस वाळवतीस." ऊस लावताना मला विचारलं होतंस? यंदा हिवाळ्यातच विहिरी तळाला गेल्या, शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि तू ऊस लावलास. तो माझ्या पाण्याच्या भरवशावर. मग तुझ्या रागाच्या भरात तू पाईप ओढायला गेलास, कडूबाई घसरून चिखलात बसली, आणि बाबाजाननं पाना खाली टाकला. "माज्याच्यानं व्हनार न्हाई अजिनाथ," म्हणाला, आणि चालत निघून गेला. त्याच्यावर चिडू नकोस. त्याची म्हस रोज त्याच डोहावर येते.

मोटरीचा फुटवॉल, ज्याच्याशिवाय ती पाणी ओढत नाही, तो मीच काढून नेला. ज्वारीच्या कणगीत ठेवलाय. पाहिजे असेल तर ये आणि ज्वारी उपसून काढ.

तुझं एक बोलणं मात्र मनाला लागलं, ते सांगते. तू म्हणालास, आक्काचं काय जातंय, तिला फुकटचा मोठेपणा मिळतोय. अरे, तळ्यातून पहिली मोटर बाहेर काढली ती माझी! माझी लिंबोणीची बाग कुठल्या पाण्यावर उभी आहे, तुला ठाऊक नाही? शेळ्या विकून मी ते रान घेतलं, माझ्या नावावर. खड्डे मी खणले. आज ठिबकच्या नळ्या कोरड्या पडल्यात, पानं वळायला लागलीत. हे माझ्याशी जेवतानासुद्धा बोलत नाहीत. ताट पुढं ओढतात आणि भिंतीकडं बघत जेवतात. उन्हाळ्यात लिंबाला भाव येणार आणि आपली बायको दगडाकडं बोट दाखवत बसणार, कुठल्या नवऱ्याला रुचेल?

आणखी एक. ओयुनच्या मुलखात यंदा भयंकर बर्फ पडलं. गवतावर काचेसारखा थर बसला, जनावरांना खायलाच मिळेना, उभ्या उभ्या मेली. ओयुनची निम्म्याहून जास्त गेली. संस्कृतीनं तिचा आवाज मला ऐकवला, काही कळलं नाही, पण ती मध्येच थांबली ते कळलं. तुझ्या कानावर ही बातमी कशी गेली कोण जाणे, आणि तू हसून म्हणालास, "आता ती कशाची शब्द पाळतीय? उरलेल्या शेळ्या घेऊन पयली तळ्यावर पळंल." 

पळू दे. तिनं शब्द मोडला तरी मी मोडणार नाही. तिच्याकडं बघून मी सही केली नव्हती, डोहाकडं बघून केली होती.

आक्का

•

वडतळे
२८ मार्च २०२४

अजिनाथ,

वकिलाची नोटीस मिळाली. "सामनेवाली चांगुणा" असं लिहिलंय माझ्याबद्दल. तुला न्हाऊ घातलं, तुझं नाक पुसलं, आणि मी आता सामनेवाली. बरं.

तळ्यातल्या गटाचं वाटप मागतोस. घे वाटप. पण कोर्टात आपली दोघांची हाडं जातील आणि वकिलाचा बंगला उठेल. आपल्यात वाटे कसे पाडतात ते तुला माहीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. बापानं आणि चुलत्यानं असंच केलं, म्हणून दोघं मरेपर्यंत एका चिलमीत तंबाखू ओढत राहिले. वाटे पाडणारा लबाडी करू शकत नाही, कारण उचलणार दुसरा.

मी थोरली आहे. मी वाटे पाडलेत. नीट वाच.

एक वाटा: डोह. दगडापासून खाली जेवढं आहे तेवढं, चिखल, पाणी, शेवाळ, मासे, सगळं.

दुसरा वाटा: दगडाच्या वरची काठाची सगळी गाळाची जमीन. आणि त्याच्या जोडीला माझी लिंबोणीची बाग, झाडांसकट, ठिबकसकट.

होय, बाग. नुसता गाळ एका बाजूला ठेवला असता तर तू डोळे झाकून डोह उचलला असतास आणि दुसऱ्या दिवशी मोटर टाकली असतीस. म्हणून पारड्यात मी माझी बाग टाकतेय. ह्यांना सांगितलं तेव्हा हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "याड लागलंय का तुला?" मी म्हटलं, लागलंय. रात्रभर हे बाहेर बाजेवर बसून होते. सकाळी म्हणाले, "रान तुझ्या नावावर हाय. तुझं तू बघ." एवढ्यावरच मी तरले.

आणि कुठंही फसवणूक नको म्हणून आत्ताच उघड लिहिते. ज्याच्याकडं डोह, त्याचा शब्द डोहावर. डोह माझ्याकडं आला तर पाऊस पडेपर्यंत त्यातून बागेला मोटरीचं पाणी मिळणार नाही. ना माझ्या बागेला, ना तुझ्या.

पाडव्याला ये. वाटे मी पाडले, उचलायचं तू.

आक्का

•

वडतळे
१२ एप्रिल २०२४

अजिनाथ,

उचललंस. बाग घेतलीस.

पाडव्याच्या दिवशी देवळापुढं, मच्छिंद्र गुरव आणि बाबाजान साक्षीला, तू एकदा डोहाकडं बघितलंस आणि एकदा बागेकडं. मी तुझ्याकडं बघत होते. तू डोह म्हणाला असतास तर सगळंच संपलं असतं. माझ्याकडं बाग राहिली असती, आणि गावाकडं, ओयुनकडं कुठल्या तोंडानं बघितलं असतं मी? तू बाग म्हणालास, आणि मला सुटल्यासारखं झालं. मग घरी येऊन चुलीपुढं बसून ओक्साबोक्शी रडले. दोन्ही खरं आहे.

कागद झाला, अंगठे-सह्या झाल्या. चांगलं झालं.

पण तू बाग का उचललीस ते मला बाबाजाननं सांगितलं. तू त्याला म्हणालास, "आक्का बोलती निस्ती. तिनं ती झाडं लेकरागत वाढवल्यात. ती वाळाया लागली की दोन दिसांत आपल्याच हातानं मोटर चालू करंल. मग डोहबी माझा, बागबी माझी."

म्हणजे तू माझ्या मायेवर पैज लावलीस. बहीण कुठं कच्ची आहे ते तुला माहीत, आणि तू बरोबर तिथंच बोट ठेवलंस. सबंध आयुष्यात तू मला इतकं नीट कधी ओळखलं नव्हतंस. मला राग आलाय आणि कौतुकपण वाटतंय, काय करू?

कालच बागेतून फिरून आले. आता परक्याची आहे, तरी पाय जातात. बांधाकडचं पहिलं झाड लावलं तेव्हा माझी लेक पोटात होती. त्याची फुलं गळालीत. हात लावला तर पान चुरचुरलं.

तरीसुद्धा ऐक. पैज तू हरणार आहेस. मला माया आहे, नाही असं मी कधी म्हटलंच नाही. पण माया आहे म्हणून तिच्या नाकात वेसण घालून तू मला नेशील तिकडं मी येणार नाही. वाळू दे झाडं. मी बघत बसेन. बघवणार नाही, पण बसेन.

आक्का

•

वडतळे
२१ मे २०२४

अजिनाथ,

परवा आलास, बसला नाहीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस, म्हणून बोलायचं राहिलं ते लिहिते.

दोन वेळा टँकर आणलास, मला माहीत आहे. आता टँकरवाल्यांचेच बोअर आटले. परवा ओसरीच्या खांबाला धरून तू उभा होतास आणि म्हणालास, "आक्का, एक रात मोटर चालू दे. एकच रात. कुनाला कळायचं न्हाई." मी नाही म्हटलं. मग तू म्हणालास, "तुझीच झाडं हायती गं ती." तेव्हा माझा धीर सुटत आला होता. तू आणखी एकदा म्हणाला असतास तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही. पण तू रागानं गाडीला किक मारलीस आणि गेलास. बरं केलंस.

आता बागेचं सांगते, कारण मालक तू आहेस आणि रोज मी बघते. वरच्या अंगाची झाडं गेली. गोटीएवढी लिंबं जमिनीवर पडलीत, बकऱ्यापण तोंड लावत नाहीत. खोडाला नखानं खरवडलं तर आत हिरवं दिसत नाही. तिथं मी आता जात नाही. मधली निम्मीअर्धी धरून आहेत. खालच्या, डोहाकडच्या ओळींत अजून जीव आहे.

डोह आहे तसा आहे. पाणी दगडाच्या बरंच खाली गेलंय, उन्हानं आणि गुरांनी. पण आहे. शेजारच्या दोन गावांची गुरंपण आता इथंच येतात. आपले लोक कुरकुर करत होते, मी म्हटलं, मंगोलियाच्या हंसाला चालतं आणि शेजारच्या म्हशीला चालत नाही का? मला सरपंचाहून जास्त शिव्या बसतात हल्ली, आणि सकाळी त्याच तोंडानं येऊन बाया विचारतात, "आक्का, आज पानी कुटवर हाय?"

ओयुनचा निरोप आला. हंस तिकडं पोचले, हिरव्या कड्याचापण पोचला. घरटी झालीत. काठालाच तेवढं कोवळं गवत फुटलंय, आणि ती उरलेल्या मोजक्या जनावरांना घेऊन डोंगरापलीकडं चारायला जाते. एवढं सगळं गमावल्यावर तिनं काठ वापरला असता तर तिला कुणी बोललं नसतं. वस्तीतल्या लोकांनीच तिला म्हटलं म्हणे, "कर्जतच्या बाईला कुठं दिसतंय?" ती म्हणाली, "मला दिसतंय." संस्कृतीनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी बागेतच होते. मला एकदम बळ आलं, अजिनाथ. इतक्या लांबची बाई, तिच्या भाषेतला एक शब्द मला येत नाही, आणि घरात जे कुणी म्हणालं नाही ते ती म्हणाली.

तू मला हट्टी म्हणतोस, दगड म्हणतोस. म्हण. तुझा ऊस वाळला, माझी बाग गेली, तुझा हात भाजला आणि माझाही. तरी पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ आली तर मी हेच करेन. बाग पुन्हा टाकेन पारड्यात. तळं एकदा बुडापर्यंत भेगाळलं तर त्यात परत जीव यायला किती साल लागतात ते तुला आणि मला कुणी सांगू शकत नाही, आणि मला ते बघायचं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मोटर नाही म्हटलं होतं मी. हंड्याला कधीच नाही म्हटलं नव्हतं. गेले कितीतरी दिवस उजाडायच्या आत मी डोहातून हंडे भरून तुझ्या खालच्या ओळींना घालतेय. एका झाडाला एक हंडा. पहिल्यांदा एकटीच होते. मग एके दिवशी हे खांद्यावर कावड घेऊन मागं उभे. नुसते पुढं झाले. काल बाबाजान आला, त्याची बायको रजिया आली. चढाला दम लागतो, माझा गुडघा सुजलाय.

पण सगळी झाडं आमच्यानं जगायची नाहीत. काही सोडावी लागतील, आणि ती मी सोडणार नाही. मी लावली असली तरी आता ती तुझी आहेत. कुठल्या झाडाला पाणी घालायचं आणि कुठलं मरू द्यायचं, ते मालकानं समोर उभं राहून सांगायचं असतं. फोनवरून नाही, वकिलाकडून नाही.

ये, अजिनाथ. चंद्रकलेला घेऊन ये. हंडे मी देते.

आक्का